दोनदा धुतलेला गाळणकागद

साहेब, माझ्या भावाला तुम्ही मारलंत. हाताने नाही. तुमचे हात स्वच्छच असतात, दर अर्ध्या तासाला साबण लावता तुम्ही. सही करून मारलंत.

मी कोण ते विसरला असाल. तुमच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं उंदरांचे मेंदू काढणारी, ती मी. सगळे मेंदूबाई म्हणायचे. शाळा आठवीत सुटली. पुढचं तुमच्या रद्दीतल्या मासिकांतून शिकले.

भाऊ रंगारी. परांचीवरून पडला, मणका मोडला. तुमच्याच इस्पितळाने सात महिने मॉर्फिन टोचलं आणि एक दिवस म्हणाले, आता बास. त्याचं शरीर ऐकेना. मग तो व्यसनी ठरला. वॉर्डात ठेवून डोस हळूहळू उतरवायचा की हाकलून द्यायचं, हे गुरुवारी समिती ठरवणार होती. तिने तुम्हाला एकच विचारलं होतं : मेंदूत मॉर्फिन धरून ठेवणारी खास जागा असते का? असली तर हा आजार. नसली तर माज.

ती जागा, तो रिसेप्टर, आपण दोन वर्षं शोधत होतो. उंदराचा मेंदू वाटायचा. त्यात मॉर्फिनवरचा उतारा घालायचा, कारण तोही त्याच जागेवर जाऊन बसत असणार. पण तो किरणोत्सारी केलेला, म्हणजे कुठे किती बसला ते यंत्राला मोजता येतं. मग गाळायचं आणि कागद धुवायचा. सुटं असेल ते वाहून जातं, चिकटलेलं उरतं. पहिल्या नळीत एवढंच. दुसऱ्या नळीत शिवाय मॉर्फिनच्या जातीचं साधं, किरणोत्सारी नसलेलं औषध भरपूर घालायचं. जागा खरी असेल तर ते ती अडवून बसतं आणि आकडा घसरतो. तिसऱ्या नळीत त्याच औषधाचा आरशातला जुळा. दिसायला तोच, पण तो त्या जागेत बसत नसणार, कारण त्याने दुखणं थांबत नाही. त्याने आकडा घसरता कामा नये.

आपले तिन्ही आकडे कायम सारखे, म्हणजे जागा सापडतच नव्हती. तुमचा हुकूमच होता, "पाच वेळा धुवा. सावकाश. कागद चकचकीत हवा मला."

त्या मंगळवारी वॉर्डाची भेटीची वेळ पाचला संपत होती. मी धुण्याचं द्रावण बर्फातून काढलं ते, एरवीसारखं कोमट व्हायची वाट न पाहता, तसंच गारढोण ओतलं. भसाभस, दोनदाच. कागद यंत्रात ठेवले आणि पळाले.

भाऊ थरथरत होता, तरी तोंड चालू.

"ताई, तुझ्या उंदरांना म्हणावं, सरकून घ्या, मी आलोच."

"गप रे. तुझा मेंदू काढायला एवढी मोठी कात्री नाही माझ्याकडे."

"छोटी चालेल. आत फारसं काही नाही म्हणे."

परत येऊन आकडे पाहिले. पहिली नळी दोन हजार एकशे चाळीस. दुसरी तीनशे नव्वद. तिसरी, जुळ्याची, दोन हजार पंच्याण्णव. मी ते वहीत उतरवले. जागा होती. तिची पकड नाजूक होती, आणि दोन वर्षं कोमट द्रावणाने सावकाश धुऊन धुऊन ती आपणच सोडवत होतो.

तुम्ही केबिनमध्येच होतात.

"दोनदा धुतलंस? कुणाला विचारून?"

"साहेब, आधी आकडे तरी बघा."

पुन्हा करायला लावलंत. तेच आकडे. मग स्वतः ओतून पाहिलंत. तेच.

"कुणाशी बोलू नकोस. आधी छापून येऊ दे."

"समितीला एक ओळ लिहा, साहेब. परवा माझ्या भावाचं..."

"जागा नाही असं उत्तर सोमवारी माझ्या सहीने गेलंय. माझं मीच खोडू?"

गुरुवारी मी समितीच्या दारात उभी राहिले, वही घेऊन. शिपाई म्हणाला, "बाई, तुमची पदवी काय?" आतून कागद आला : इच्छाशक्तीचा दोष, घरी न्या.

घरी नेला. आईने तीन आठवडे खोलीला कडी घातली. तो ओरडला, ओकला, मग शांत झाला. आम्हाला वाटलं, सुटला. शरीर औषधाची सवय विसरलं होतं, जुना डोस आता त्याला झेपणार नव्हता, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर पडला त्या दिवशी त्याने कुठूनतरी जुनाच डोस मिळवला. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, त्याचा श्वास थांबला. उतारा तुमच्या फ्रीजमध्ये होता, दुसऱ्या फळीवर. बाटलीवरची चिठ्ठी माझ्याच हातची. धावत वीस मिनिटं लागतात. त्याच्याकडे चार होती.

आता तुमचा लेख छापून आलाय. वाचला. बर्फगार द्रावणाने, झटपट, दोनदा धुतलं असं लिहिलंय. माझं नाव नाही. नकोच आहे मला. पण प्रयोगाची तारीख तुम्ही खरी टाकलीत. मंगळवारची.

मंगळवारी तुम्हाला कळलं. गुरुवारी समिती बसली. मधला अख्खा बुधवार तुमच्याकडे होता, आणि टेबलावर फोन होता.

बुधवारी तुम्ही काय करत होतात, साहेब? आई रोज विचारते. तिला काय सांगू ते लिहून कळवा. खाली सही करून.