रणातला आडोसा

रणात, त्या खाऱ्या सपाट वाळवंटात, माणूस लपेल असं एक झुडूप नाही. म्हणून मिठागरावरच्या बायका पहाटे अंधारात जाऊन येतात, त्या पुन्हा दिवस मावळल्यावरच. मधे जावं लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. भर दुपारी तांब्या तोंडाला लावणारी सून आळशी, असा तिथला न्याय. हा न्याय कुणी केला ते विचारू नये, पुरुषांना आडोसा लागत नाही.

हंसा पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. लघवीला आग होई, घडीघडीला जावंसं वाटे आणि थेंबभरच होई. गाडीतून फिरणाऱ्या नर्स दक्षाबेननी तपासून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत आग थांबली, तशा हंसानं उरलेल्या गोळ्या चिंधीत बांधून ठेवल्या. टँकरचं पाणी पुरवून वापरायचं, पीठ पुरवून वापरायचं. तिनं औषधही पुरवून ठेवलं.

आठवडाभरात हुडहुडी भरून ताप चढला. कमरेच्या वर एका बाजूला कळ, वर उलट्या. सासू पुरीबाच्या तोंडाला सगळं मिठागर वचकून असे. तिनं हंसाच्या कपाळाला हात लावला आणि मुलाला हाक मारली, "मफा, छकडा काढ. मीठ काही पळून जात नाही."

तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनमधून औषध सुरू झालं. दक्षाबेन बघायला आल्या, त्यांनी गोळ्यांचं विचारलं आणि हंसानं खरं ते सांगितलं.

"अगं, जंतू अर्धमेले झाले होते, ते तू सोडून दिलेस," दक्षाबेन म्हणाल्या. "ते मूत्रपिंडापर्यंत चढले. पोटुशीनं हे अंगावर काढलं तर दिवस भरायच्या आत कळा येतात. आता गोळ्या शेवटपर्यंत घ्यायच्या, भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं."

"कुठं जायचं?" पुरीबानं विचारलं. "तुमच्या गाडीमागं?"

दुसऱ्या दिवशी पुरीबा मिठागरावर निघून गेली. हंसाला वाईट वाटलं. शेवटी म्हातारीला मीठच प्यारं, असं तिच्या मनात आलं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवले. हंसा रडली. त्या बाईंचे, दक्षाबेनचे, छकड्याचेसुद्धा उपकार तिला वाटले.

घरी आली तर झोपडीमागं चार बांबूंना काळं प्लास्टिक ताणलेलं, आत खोल खड्डा, त्यावर दोन फळ्या.

"मिठाच्या ढिगावर घालायचं प्लास्टिक फाडलं बानं," मफा आईकडं बघत म्हणाला. "व्यापारी बोंबलेल."

"बोंबलू दे. त्याला सांग, सून ढिगापेक्षा महाग आहे," पुरीबा म्हणाली.

हंसा तिच्या पाया पडायला वाकली. आपण हिच्याबद्दल काय काय मनात आणलं, याची तिला लाज वाटली.

पुरीबानं तिला धरून उठवलं. "माझी दोन सातव्यातच गेली," ती हलकेच म्हणाली. "असाच ताप यायचा. मी समजायची, माताजीचा कोप. कुणी सांगितलंच नाही गं. पाया काय पडतेस, पाणी पी."

हंसा पाणी प्यायली. मग तिनं तांब्या पुन्हा भरून सासूपुढं धरला. "बा, तुम्ही पण."

ऊन डोक्यावर होतं. शेजारच्या मिठाच्या वाफ्यावरून दोन बाया बघत होत्या. पुरीबानं त्यांच्या देखत तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं, आणि थोड्या वेळानं उठून सरळ आडोशाकडं चालत गेली.