ऐकून घेणारी

"अगं ए, ऐकतेस ना? की कान घरी ठेवून आलीस?"

ही आईची हाक. नळावरून, बादली भरता भरता, अख्ख्या गल्लीला जाईल अशी. आई जाऊन किती काळ लोटला, पण आरोग्यताईंना आता तीच हाक सगळ्यांत स्वच्छ ऐकू येते. बाकीचे आवाज गोधडीआडून आल्यासारखे.

गल्लीत ताईंचं नाव 'पोस्टाची पेटी'. टाकलेलं आत पडतं, बाहेर येत नाही. सासवा सुनांची गाऱ्हाणी सांगत, सुना सासवांची. ताई अगदी जवळ सरकून, बोलणारणीच्या ओठांवर नजर लावून बसायच्या. "अशी ऐकून घेणारी दुसरी बाई नाही," बायका म्हणत. ओठांवर नजर का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

पूर्वी डोस पाजायला एक यायची, खोकल्याच्या गोळ्या द्यायला दुसरी, पोटुशींना बघायला तिसरी. आता सगळं एका पिशवीत आलं आणि पिशवी ताईंच्या खांद्यावर. दवाखाना लोकांच्या दारात आला, चांगलंच झालं. गल्लीचा चढ तेवढा ताईंच्या गुडघ्यांत उतरला. त्याचंही काही नाही. पण या आठवड्यापासून पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. रबरी फुग्याचं, कानाला नळी लावायचं.

आज पहिलं घर शिंपिणीचं. तिची दिवस भरत आलेली सून भिंतीला टेकून बसली होती.

"सकाळपासून डोकं धरलंय म्हणते," शिंपीण मशीन न थांबवता म्हणाली. "काम दिसलं की धरतंच ते."

"आई, मुद्दाम करते का मी?"

"मी कुठं काय म्हणाले? पेटी, तूच सांग बाई."

"ते मशीन जरा बंद करा," ताई म्हणाल्या.

मशीन थांबलं. ताईंना फारसा फरक पडला नाही. त्यांनी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, हवा सोडली. काटा उतरू लागला. या उतरणीत कुठंतरी ठोके सुरू होतात, कुठंतरी विरतात, असं शिकवलं होतं. काटा खाली येऊन टेकला. पुन्हा एकदा केलं. नळीत भर दुपारच्या रस्त्यासारखं सुनसान.

"किती आहे?" सुनेचे ओठ हलले.

'ठीक आहे' म्हटलं असतं, तर नोकरी शाबूत होती. ताईंनी तिच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"चल, आरोग्य केंद्रात. आत्ताच्या आत्ता."

"म्हणजे? एवढं काय आलं त्यात?" शिंपिणीची चेष्टा तिथंच विरली.

ताई चपला शोधत राहिल्या. ऐकू आलं नाही असं सोंग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं.

केंद्रातल्या सिस्टरनी सुनेचा रक्तदाब मोजला आणि लगेच फोन उचलला. गाडी आली. सासू-सून मोठ्या दवाखान्याकडे निघून गेल्या.

"वेळेवर आणलंत, ताई." मोठ्या दवाखान्यातून आलेला फोन सिस्टरनी हातानं झाकला. "डॉक्टर विचारतायत, बीपी तासाभरात वाढलंय की आधीपासूनच होतं? घरी मोजलंत तेव्हा किती आलं?"

एखादा आकडा ओठांवर सहज आला असता. सिस्टर थांबल्या होत्या. तिकडे डॉक्टरही.

ताई बोलल्या. त्यांच्या मते अगदी हळू. बाहेरच्या बाकावरची अख्खी रांग मान वळवून बघू लागली.

"काही आलं नाही, सिस्टर. मला ऐकू येत नाही."