एकोणीसशे एकोणीसचा विजयी चेंडू

मी एक चेंडू बोलतोय. गोल नव्हे, लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता, ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचा. मेलबर्नच्या एका कॉलेजात काचेच्या कपाटात मला ठेवलंय. माझ्यासमोर उभे राहून लोक आदराने माना डोलावतात, तेव्हा मला शिसारी येते.

एका कारखान्यात कारागिराने मला आधी उलटं शिवलं, मग सुलटं केलं, पोटात रबरी फुगा कोंबला आणि वादीने तोंड आवळलं. जन्मल्या दिवसापासून लाथा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यासाठीच मी होतो. तक्रार आहे ती लाथा मारणाऱ्यांबद्दल.

तेव्हा महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि इन्फ्लुएन्झाची साथ आली होती. नाटकगृहं बंद, शाळा बंद. पण फुटबॉल बंद करायची कुणाची छाती होती! आमची पोरं सकाळी तोंडाला फडकी बांधून प्रार्थनेला बसायची आणि दुपारी तीच फडकी खिशात कोंबून एकमेकांच्या अंगावर पडायची. रोगाला जणू मैदानात यायची मनाई होती.

कप्तान होता एडविन. त्याचा थोरला भाऊ युद्धाआधी याच संघाचा कप्तान होता, पुढे फ्रान्समध्ये मारला गेला. "कप त्याच्यासाठी जिंकायचा," असं एडविन उठताबसता म्हणे. मेलेल्या माणसाला कप कशाला लागतो, हे त्याला कुणी विचारलं नाही.

आणि होता विश्राम, कोल्हापूरच्या एका मास्तरांचा मुलगा, डॉक्टरी शिकायला आलेला. हिंदुस्थानातून आलेला म्हणजे राजपुत्रच असणार, अशी या शहाण्यांची समजूत. म्हणून त्याला सगळे 'प्रिन्स' म्हणत. हा प्रिन्स कुंपणाबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायच्या कामाचा. खेळायला त्याला कुणी बोलावत नसे. सगळे गेले की तो मला धोबीखान्यामागे न्यायचा आणि एकटाच लाथाडायचा. "जा लेका, सरळ जा की!" असं ओरडायचा. मला मराठी येते ती तिथून.

धोबीखाना नोरा फिनर्टीच्या ताब्यात होता. विधवा बाई, पदरात दोन मुली. कॉलेजभराचे कपडे ती एकटी धुवायची.

"पोरा, माझ्या चादरीला डाग लागला ना, तर तुलाच धुवायला बसवीन," ती दटावायची आणि लगेच म्हणायची, "पण काय रे, त्या आळशांपेक्षा तू बरा खेळतोस!"

तिच्याखेरीज त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

हिवाळा सरता सरता संघातली पोरं एकामागून एक अंथरुणाला खिळली. अंतिम सामना तोंडावर आणि माणसं अपुरी. तेव्हा एडविनला प्रिन्स आठवला.

"प्रिन्स, तू बरा धावतोस म्हणे."

"माझं नाव विश्राम आहे."

"हो, हो, तेच. शनिवारी येशील ना?"

तो इतक्या झटकन "येईन" म्हणाला की मलाच लाज वाटली.

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत एडविन बाकावर बसून कुडकुडत होता. डोळे लाल, ओठ निळसर. मी त्याच्या मांडीवर होतो, मला त्याच्या हातांची आग जाणवत होती. विश्रामने त्याच्या कपाळाला हात लावला.

"तुला ताप आहे. हा तोच आजार आहे, एडविन."

"सर्दी आहे."

"मी वॉर्डात रोज बघतोय. तू इथून घरी जायला हवंस."

एडविनने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू बोललास की सामना रद्द. मग तू परत कुंपणापलीकडे. चालेल?"

 विश्रामने खुंटीवरची जर्सी काढली आणि डोक्यातून घातली. झालं. भावी डॉक्टरसाहेब!

आम्ही जिंकलो. शेवटची लाथ विश्रामचीच. खांबांच्या मधून मी असा गेलो की ज्यांनी वर्षभर त्याचं नाव घेतलं नव्हतं, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात एडविन मैदानातच कोसळला.

त्याला उचलून कॉलेजातल्या एका खोलीत निजवलं, पण नर्स मिळेना. मित्र दारातूनच चौकशी करून पळायचे. मग नोराला बोलावलं. तिने त्याला सूप भरवलं, ओकारीने भरलेल्या चादरी उचलल्या, घामाने भिजलेल्या सगळ्यांच्या जर्स्या धुतल्या.

विश्राम धोबीखान्यात आला. "मिसेस फिनर्टी, त्या खोलीत जाऊ नका. तो आजार मी ओळखला होता. सामन्याआधीच."

नोराने पिळता पिळता वर पाहिलं. "ओळखला होतास? आणि खेळलास?"

त्याने पुढ्यातली एक जर्सी उचलली आणि पिळायला घेतली.

"मग आता मी नाही गेले तर कोण जाईल, पोरा? कप?"

एडविन बरा झाला. नोरा त्याच आजाराने गेली. तिच्या मुलींना कुणी नातेवाईक घेऊन गेले, कुठे ते विचारायची तसदी कॉलेजने घेतली नाही. पुष्पचक्र मात्र पाठवलं. विजयाची मेजवानी ठरल्या तारखेलाच झाली. "बाईंनी फार सेवा केली," असं म्हणून प्राचार्य मटणाकडे वळले.

त्या रात्री खेळाडूंनी माझ्या अंगावर शाईने सह्या केल्या. एडविनची सर्वांत मोठी. शेवटी दौत विश्रामपुढे आली.  त्याने सावकाश अक्षरं काढली: एन. फिनर्टी.

"हे काय?" एडविनने विचारलं.

"सामन्याची किंमत हिने भरली," विश्राम म्हणाला. "आपण दोघांनी भरायला लावली."

 एडविनने मला उचलून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. विश्राम डॉक्टर होऊन बोटीने परत गेला. माझ्याकडे तो पुन्हा आला नाही. एका सहीने त्याची सुटका झाली, असं मी म्हणणार नाही. पण बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

आता माझं चामडं तडकलंय, शाई फिकी झालीय. कपाटात मागे संघाचा फोटो आहे. विश्राम कडेला उभा आहे. इथल्या विद्वानांनी सह्या आणि चेहरे जुळवले, शेवटी एक सही आणि एक चेहरा उरला, आणि विश्रामच्या चेहऱ्याखाली पाटी लावली: 'एन. फिनर्टी, खेळाडू'. पाहुणे ती वाचतात, माना डोलावतात आणि पुढे जातात.

तुम्हाला माझी भाषा कळते. कधी इकडे आलात तर मान डोलावू नका. कुणाला तरी हाक मारा आणि सांगा, की हा विश्राम आहे, आणि फिनर्टी ही बाई होती.