कडीचा डबा

उषाबाईचा देवावर भरवसा होता, माणसांवर बिलकुल नव्हता. अंबड रोडवरच्या बियाणे कारखान्याच्या फाटकावर बायकांची झडती घ्यायचं काम तिला याच गुणावर मिळालं होतं. ज्यापासून संकरित वाण तयार होतं ते नर-मादीचं मूळ बी मूठभर जरी बाहेर गेलं, तरी शेटजींचं वाण दुसऱ्याच्या नावानं बाजारात यायचं. मागच्या साली एकीनं ते ताकाच्या डब्यातून पळवलं. वर ताक, तळाला बी. जेठमल शेटजी तेव्हा सगळ्यांदेखत उषाबाईला म्हणाले होते, "फिरून असं झालं, तर पहिली सुट्टी तुमची." विधवा बाईला ते शब्द पुरेसे होते. तेव्हापासून तिची झोपसुद्धा अर्धवट असायची.

अशात पॅकिंगमधली अर्पिता बाळंतपणावरून कामावर आली. शेटजींच्या सूनबाईंनी, कनिकानं, एक खोली रिकामी करून पडदा, खुर्ची, लहानसा फ्रिज ठेवला आणि बजावलं, "अर्पिता आत असताना कुणी जायचं नाही." खोलीच्या भिंतीला भिंत लागून मूळ बियाण्याचं गोदाम! मोठ्या घरच्या सुनेला कुठली अक्कल, उषाबाई मनात म्हणाली. आमच्या वेळी कुणी खोल्या दिल्या होत्या?

अर्पिता पिशवी घेऊन आत जायची, कडी लावायची. एकदा उषाबाईनं दाराला कान लावला. आतून घर्र घर्र आवाज. ही आत काय गिरणी चालवती? तिनं जाऊन विचारलं, तर कनिका हसली. "अंगावरचं दूध काढायचं मशीन आहे ते, उषाबाई. शक नका करू." मशीननं दूध गाई-म्हशींचं काढतात, एवढं उषाबाईलाही कळत होतं. तिचा संशय दुणावला.

एका संध्याकाळी अर्पिता कडीचा डबा छातीशी धरून घाईघाईनं फाटकावर आली. "मावशी, जल्दी करा. वडीगोद्रीची गाडी निघून जाईल."

चोराला घाई फार. "उघड तो डबा."

"दूध हाय माझं. उद्या मी इकडं आले, की सासूबाई लेकराला हेच पाजत्यात. वरचं त्याला पचत न्हाई, आत्ताच दवाखान्यातून घरी आणलंय त्याला."

"ताकवाली बी अशीच बोलली व्हती."

अर्पितानं कडी काढली. आत पांढरंशुभ्र दूध. पण वरून ताकसुद्धा पांढरंच दिसलं होतं! उषाबाईनं बाही मागं सारली आणि सरळ हात डब्यात घातला. बोटं तळाशी फिरवली, कडेनं फिरवली. एक दाणा लागला नाही.

हात बाहेर काढला, तर दूध गुलाबी झालं होतं.

बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध लावतात; कुणी चुकून खाऊ नये म्हणून ते लाल रंगाचं असतं. ते पॅकिंगच्या बायकांच्या कपड्यांवर उडतं, आणि दिवसभर ते कपडे चाचपून उषाबाईच्या बोटांवर बसतं. इतकी वर्षं तिला त्याची सवय झाली होती. आता ती त्या बोटांकडे बघतच राहिली.

"मावशी," अर्पिता हळूच म्हणाली, "आता हे पाजू का त्याला?"

आपला मुलगा धर्मराज अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट उषाबाईला आठवली. मुकादम घरी सोडायचा नाही, आणि ती कपाशीत उभी राहून भिजलेली चोळी पदरानं झाकायची. तिला स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, काडीनं नखं कोरली. संध्याकाळी अर्पिता आली आणि न सांगताच डबा उघडून तिच्यापुढं धरला. डबा कोरडा होता.

"लेकरू काय प्यालं आज?" उषाबाईनं विचारलं.

"साखरपाणी."

"मंग आजचं दूध कुठंय?"

"मोरीत वतलं."

"अगं बाई! मी आज हात घातला नसता. नुसतं वरून बघितलं असतं."

अर्पितानं डब्याची कडी लावली. "मोरी बघत बी न्हाई, उषाबाई."

कालपर्यंत ती मावशी म्हणायची. अर्पिता फाटकाबाहेर गेली, तिच्या पोलक्यावर ओला डाग पसरत होता. मागची बाई झडतीसाठी हात वर करून उभी होती, पण उषाबाईचा हात काही उचलेना.