दोन बोटं कमी पडलो

मी डबा बोलतोय. खाऊचा नव्हे, कॉम्प्युटरचा. दुकानात मला कॅबिनेट म्हणायचे. एका अंगाला स्वच्छ काच, पुढे तीन पंखे, पंख्यांत रंगीत दिवे. रूपाचा गर्व होता मला, कबूल करतो.

मला निवडलं कपडे शिवणाऱ्या एका ताईंनी. त्यांचा धाकटा भाऊ दूर नोकरीला. दर रविवारी दुपारी दोघं आपापल्या घरून मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचे. एरवी फोनवर दोघांचं "बरं आहे ना?" याच्या पुढे काही जायचं नाही. खेळताना मात्र जीभ सुटायची, भांडणं व्हायची, मनातलं निघायचं.

पण ताईंचा जुना कॉम्प्युटर ऐन वळणावर अडकायचा. एकदा भाऊ कंटाळून म्हणाला, "ताई, तू राहू दे. मी ऑफिसातल्या कोणाशी तरी खेळतो."

ते ताईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी ठरवलं, चांगल्यातला चांगला गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा, आणि तोही एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा.

तीन आठवडे शिलाई मशीनशेजारी वाचन चाललं. कटिंगच्या कागदावर यादी उतरली. प्रोसेसर बदलला, म्हणून मदरबोर्ड बदलला. तो बदलला म्हणून रॅम बदलली. ग्राफिक्स कार्डावर तर आठ दिवस गेले. माझ्यावर पाच मिनिटं. "किती देखणा आहे!" एवढंच म्हणाल्या.

त्यांचे यजमान बेकरीत भट्टी सांभाळायचे. त्यांनी सहज विचारलं, "अगं, आतलं माप बघितलंस का?"

"वीस वर्षं लोकांची मापं घेतेय. मला शिकवू नका."

शनिवारी सकाळी जोडणी सुरू झाली. मला भारी मजा वाटत होती. ताईंच्या हातून स्क्रू निसटला की मी तो गपकन गिळून कोपऱ्यात दडवायचो. मग ताई मला उचलून, उलटा करून खुळखुळ्यासारखं हलवायच्या. तीनदा केलं मी तसं.

शेवटी कार्ड आलं. चांगलंच लांबलचक. ताईंनी सरळ घातलं, तिरकं घातलं, श्वास रोखून घातलं. दोन बोटं जागा कमी पडली.

यजमान नुसते खोकले.

"हसू नका! उद्या हा डबाच परत देऊन येते."

सगळा खोडसाळपणा जिरला. पुन्हा त्या दुकानाच्या फळीवर? इतका वेळ दडवलेला चौथा स्क्रू मी आपणहून टेबलावर टाकला.

ताईंनी तो उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मग पुटपुटल्या, "कोट घट्ट झाला म्हणून कोणी कोट फेकतं का? शिवण उसवायची." टॉर्च घेऊन त्यांनी माझ्या पोटात डोकं घातलं. पुढच्या बाजूला जुन्या डिस्क ठेवायचा एक लोखंडी खण होता, त्यांना नकोच असलेला. त्यांनी चार स्क्रू काढले, खण बाहेर ओढला आणि कार्ड खट्‌कन बसलं.

रविवारी शर्यतीत भाऊ ओरडला, "ताई? अगं, दिसत का नाहीस?"

"मागे शोधतोयस वाटतं. पुढे बघ."

हसता हसता दोघांचंही पुढचं वळण चुकलं. त्या दिवशी पाच वाजता संपणारा खेळ आठ वाजता संपला.

आता मला दोन वर्षं झाली. काचेवर एक ओरखडा आहे, पंख्यांत कापडाचे तंतू अडकतात. परवा भाऊ सुट्टीला आला. ऐटीत माझ्यासमोर बसला आणि सलग चार शर्यती हरला.

"तुझं मशीनच बिघडलंय, ताई."

ताईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाचता येईना, अंगण वाकडं! ऊठ, मला बसू दे."

वाचकहो, डबा निवडताना रूप बघा, आतलं माप बघा, पंखेही वरचेवर पुसा. पण हरलात, तर कृपा करून निमूटपणे हरा. आम्हाला ऐकू येतं.