मोरीतला एक टन

"तुम्ही चीज नाही, पाणी विकता," असं त्या गिऱ्हाईक बाईने तोंडावर सांगितलं आणि बेल्किसचं डोकं फिरलं. काराकासच्या बाजारात तिचा पांढऱ्या चीजचा गाळा होता, आणि हे चीज खाऱ्या पाण्यातच मुरतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बाईंना ते ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक असून भांडायचं होतं. परातीत बघा किती निथळलंय, म्हणाल्या, एवढं पाणी मी कशाला विकत घेऊ?

बेल्किस माघार घेणाऱ्यातली नव्हती. परातीत सकाळपासून साचलेलं पाणी तिने एक लिटरच्या मापात काठोकाठ ओतलं आणि काट्यावर ठेवलं. या एवढ्यातलं तुमच्या अर्ध्या किलोत कितीसं जाणार, हे तिला दाखवायचं होतं. काटा किलोच्या पुढे सरकला. मापाचं वजन वजा केलं तरी किलोच्या खाली येईना. बाई जिंकल्यासारख्या हसल्या आणि चीज न घेताच निघून गेल्या. एरवी बेल्किसने त्यांच्या पाठीवर दोन शब्द तरी फेकले असते. आज ती नुसती काट्याकडे बघत राहिली.

एक लिटर पाणी, एक किलो. शाळेत हे शिकवलं असणारच. पण शाळेत शिकलेलं आणि काट्यावर दिसलेलं यांत फार अंतर असतं. तिच्या घरच्या निळ्या टाकीच्या पोटावर हजाराचा आकडा ठळक उठवलेला होता. तो लिटरचा आकडा, हे तिला माहीत होतं. तोच किलोचाही आहे, हे आत्ता कळत होतं. गणित म्हणावं असं त्यात काही नव्हतं, बोटंसुद्धा लागली नाहीत. हजार किलो. एक टन. महिनाभर घसा फोडून ती जेवढं चीज विकायची त्याहून जास्त वजन, सगळं एका ढिगात, सहाव्या मजल्यावरच्या मोरीत उभं.

आणि मोरी तरी केवढी! स्वयंपाकघराच्या मागे सज्जासारखी बाहेर काढलेली, कपडे धुण्यापुरती जागा. पाणी आठवड्यातून एकदा येऊ लागल्यापासून इमारतीत ज्याने त्याने तिथेच टाकी बसवली होती, कारण दुसरीकडे ती मावणार कुठे? बेल्किसची टाकी आली तेव्हा लिफ्ट बंद होती (ती अजूनही बंदच आहे), म्हणून तिच्या दोन भाच्यांनी ती जिन्यावरून गाणं म्हणत वर आणली. चौथ्या मजल्यावर एकाने फुशारकीने हात सोडून दाखवला. कागदाची आहे गं मावशी, म्हणाला. तेव्हापासून टाकी म्हणजे हलकी वस्तू, हे बेल्किसच्या डोक्यात पक्कं बसलं. इमारतीतल्या सगळ्यांच्याच डोक्यात तसंच बसलं होतं. जिन्यावरून चढते ती रिकामी टाकी. भरलेली टाकी कुणी कधी उचललेलीच नसते. वर बेल्किसने ती सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवली, म्हणजे पाण्याला जोर येईल आणि खाली नोएमीकडेही नीट जाईल.

नोएमी बरोबर तिच्या खाली, पाचव्या मजल्यावर राहायची. नोएमीच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी बेल्किसने धर्ममाता म्हणून हातांवर धरलं होतं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि तिकडे हे नातं सख्ख्या बहिणींहून घट्ट असतं. नोएमीला टाकी घेणं जमलं नव्हतं. तेव्हा बेल्किसच्या टाकीतून एक बारीक रबरी नळी खिडकीबाहेरून तिच्या मोरीत उतरवली होती, आणि दोघींचं भागत होतं.

कालच बेल्किस सूप द्यायला खाली गेली होती. नोएमीच्या मोरीचं छत धुराने आणि वर्षांनी पिवळं पडलेलं, पण त्यात एक लांबट पट्टा नुकताच रंगवल्यासारखा पांढराशुभ्र. हे काय, म्हणून तिने विचारलं. ओल आली होती, असं सांगून नोएमीने गाडी आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर नेली. बेल्किसनेही ती तिथेच जाऊ दिली. ओल आली म्हटल्यावर कुठून आली हे विचारावं लागतं, आणि ते विचारलं असतं तर स्वतःच्याच टाकीचं नाव निघालं असतं. आता काट्यासमोर उभं राहून तिला तो पांढरा पट्टा आठवला.

तिने स्वतःची समजूत घातली. टाकी आज तळाला गेलेली आहे. पाण्याचा वार गुरुवार, आज तर मंगळवार. संध्याकाळी खाली जाऊन नोएमीशी बोलू, छत नीट बघू, टाकी अर्धीच भरत जाऊ. एवढं ठरवून तिला जरा हायसं वाटलं, आणि वेळ बघायला तिने फोन काढला. इमारतीच्या गटावर संदेशांचा पाऊस पडला होता. आलं. आलं रे आलं. देवाची कृपा, मंगळवारीच आलं.

पण तिचा नळ उघडा होता. काराकासमध्ये नळ बंद करून बाहेर पडणारा माणूस वेडा समजतात. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, मग नळ उघडा टाकायचा, नळीचं तोंड टाकीत सोडायचं आणि कामाला जायचं. आलं तर आपोआप भरतं. बेल्किसने आयुष्यभर हेच केलं होतं आणि आज सकाळीही केलं होतं. आणि पाणी आलं की नोएमी काय करते, हेही तिला पाठ होतं. हातातलं सगळं टाकून ती धुणं घेऊन बसते, मोरीतल्या दगडी कुंडापाशी, त्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर खाली.

तिने नोएमीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पाण्याच्या आवाजात नोएमीला दारावरची थाप ऐकू येत नाही, फोन कुठला ऐकू येणार? गटावर तिने लिहिलं की कुणीतरी नोएमीला मोरीतून बाहेर काढा, पण पाण्याच्या दिवशी कुणाचे हात कोरडे असतात? गाळा शेजारच्या कोंबडीवाल्याच्या भरवशावर टाकून, एप्रनसकट, ती मेट्रोकडे धावली.

गाडीत बसायला जागा होती तरी ती उभी राहिली. नळाची धार तिला ठाऊक होती. साधारण एका मिनिटाला एक बादली, म्हणजे मिनिटाला दहा किलो. पहिला संदेश आला त्याला अर्धा तास होऊन गेलेला, म्हणजे तीनशे किलो आत्ताच चढले. गाडी दोन स्टेशनांच्या मधे थांबली, दिवे गेले, आले, आणि ती तिथेच उभी राहिली. लोक नेहमीसारखे उसासे टाकत होते. बेल्किस मनातल्या मनात बादल्या ओतत होती. चारशे. सव्वाचारशे. समोरच्या म्हाताऱ्याने बरं वाटत नाही का, असं विचारलं, तेव्हा आपण मोठ्याने मोजतोय हे तिला कळलं. काल मी वर बघितलं होतं, हेच तिच्या डोक्यात घण घालत होतं. बघितलं होतं आणि डोळ्यांवर कातडं ओढून सूप देऊन आले.

इमारतीत शिरली तेव्हा जिन्यात सणासारखी धांदल होती. कुठे रेडिओ लागलेला, कुठे पोरं आंघोळीला रांगेत, दारादारात बादल्या. आलं बरं का बेल्किस, असं जो तो आनंदाने सांगत होता. ती न थांबता चढत राहिली. पाचव्या मजल्यावर तिने नोएमीचं दार दोन्ही मुठींनी बडवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोपरापर्यंत फेस लागलेल्या नोएमीने दार उघडलं.

"हात राहू दे तसेच. बाहेर ये."

"अगं, पाणी आलंय कोमाद्रे! चादरी भिजवल्यात मी."

"चादरी गेल्या खड्ड्यात. बाहेर ये म्हणते ना."

"साबण तरी काढू दे..."

बेल्किसने तिचं निसरडं मनगट धरलं आणि तिला ओढून जिन्यात आणलं. मग स्वतः दारातूनच आत डोकावली. पांढरा पट्टा मधोमध उलला होता. त्यात बोट सहज गेलं असतं. कुंडातल्या फेसावर रंगाचे पापुद्रे तरंगत होते.

वर जाऊन आधी बाहेरची जाळी, मग दार, अशी दोन कुलपं उघडली आणि बेल्किसने नळ बंद केला. टाकी पाऊण भरली होती. खालची तोटी तिने पूर्ण सोडली. मोरीच्या जाळीतून पाणी गटाराच्या नळात घुसलं आणि गडगडत खाली जाऊ लागलं. तेवढ्यात गुडघे धरत धरत नोएमी पोचली, आणि तिने आधी काय बघितलं असेल तर वाहून जाणारं पाणी.

"बंद कर! गटारात सोडतेस? पाप लागेल."

"साडेसातशे किलो आहे हे, नोएमी. तुझ्या डोक्यावर."

नोएमी स्टुलावर टेकली. फेस तिच्या हातांवर वाळत चालला होता. "किलो नव्हते माहीत मला," ती म्हणाली. "भेग माहीत होती."

मग तिने सांगून टाकलं. कार्निव्हलच्या सणाआधीच भेग दिसली होती, केसाएवढी. मग ती रुंद होत गेली तशी तिने जावयाकडचा उरलेला रंग आणून स्टुलावर चढून फासला, एकदा नाही, तीनदा. बेल्किस सूप घेऊन येते, तिची नजर वर जाऊ नये म्हणून. नात आरियाना तिच्याकडेच राहायची, तिलाही लेकीकडे पाठवून दिलं. शाळा तिकडून जवळ पडते, असं सगळ्यांना सांगितलं.

"पोरीला हलवलंस, आणि स्वतः खाली उभी राहिलीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू टाकी काढली असतीस. मग या गुडघ्यांनी पाच मजले पाणी कोण चढवणार होतं?"

बेल्किसला तिच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडणार कोणत्या तोंडाने? कालची ओल तिनेही चुपचाप गिळलीच होती. एकीला पाणी हवं होतं, दुसरीला टाकी, आणि दोघींनी मिळून त्या छतावर रंग फासला होता. तिला रडू फुटलं. नोएमीही रडली, पण रडता रडता उठून तिने टाकीच्या पोटावर गुडघ्याच्या उंचीला बोटाने रेघ ओढली. एवढं तरी राहू दे, म्हणाली.

"एवढं म्हणजे तीनशे किलो."

"तीनशे चालतील मला. इतके दिवस हजाराखाली राहिलेच ना?"

बेल्किसने नकारार्थी मान हलवली. घरातली पातेली, बादल्या, डबे, कचऱ्याची कुंडीसुद्धा घासून, दोघींनी भरून घेतली आणि एक झोपायच्या खोलीत, दोन दाराशी, दोन पलंगाखाली असं सगळ्या घरात पांगवून ठेवली. उरलेलं पाणी टाकीतून गटारात गेलं. शेवटचं पाणी गुडगुडत नळात उतरलं तेव्हा बेल्किसच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि लगेच पुढच्या आठवड्याची काळजी तिथे येऊन बसली.

नोएमीने तिच्याआधीच तोडगा काढला होता. बरोबर वर, सातव्या मजल्यावरचे एलेउतेरिओकाका, बसचे जुने ड्रायव्हर, मोठ्या मनाचा माणूस. त्यांची टाकी बेल्किसच्या टाकीहूनही मोठी. ते नाही म्हणणार नाहीत, रोज दोन बादल्या तर नक्कीच देतील. फक्त, असं म्हणून नोएमीने आवाज खाली आणला, हे किलोचं वगैरे त्यांच्यापाशी काढू नकोस. घाबरट आहेत. टाकी काढून टाकतील, मग आपण दोघी कोरड्या.

बरोबर आहे, असं बेल्किस म्हणाली. खरंच म्हणाली. बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की तिने बादली उचललीही. आणि मग घरात शांतता झाल्यामुळे तिला वरचा आवाज ऐकू आला. काकांच्या टाकीत धार पडत होती, जाड, भरत आलेल्या टाकीत पडते तशी. तिने मान वर केली. आपल्या मोरीचं छत आपण कधी बघितलं होतं, हे तिला आठवेना. एका कोपऱ्यात एक रेघ होती. कोळिष्टक असेल, नाहीतर नसेल.

"कोमाद्रे, बादली घे ना," नोएमी मागून म्हणाली.

"नको. ती हातात असली तर माझ्याच्याने बोलवणार नाही."

बादली मोरीतच ठेवून ती रिकाम्या हातांनी जिना चढली. काकांनी हसतमुखाने दार उघडलं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, आणि तिच्या हातांकडे बघून म्हणाले, "अगं, तुझी टाकी गटारात गेलेली ऐकू आली. पाणी न्यायला आलीस आणि बादली खालीच विसरलीस?"

"विसरले नाही, काका," बेल्किस म्हणाली. "आधी तुमचा नळ बंद करा."