बिनवायरची करवत

मी एक जुनी करवत आहे. जुनी म्हणजे पणजोबांच्या काळातली नव्हे. आमच्या जातीत पाच-सहा वर्षांतच म्हातारपण येतं. मला गोल पातं आहे, पाठीला बॅटरी आहे आणि शेपूट नाही. शेपूट म्हणजे वायर. मित्रांनो, ही गोष्ट त्या नसलेल्या शेपटीचीच आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट सांगता येणार नाही. आठवतो तो खोक्यातला थर्माकोलचा अंधार आणि मग एकदम चिंचपोकळीचा उजेड. तिथे एका गाळ्यात दौलतकाका परबांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे चेहरे, सगळ्यांना तिथे चौकट मिळते. चौकटीच्या पट्ट्या कोपऱ्यात नीट जुळायच्या, तर त्यांची टोकं तिरकी कापावी लागतात. केसभर चुकलं तरी फट दिसते. हे तिरकं कापणं माझं काम. कधी काका मला नायगावच्या नव्या इमारतींत दारांच्या पट्ट्या कापायला नेत. तिथे वीज आलेली नसे, पण माझं काही अडत नसे. मला त्याचा भारी तोरा होता.

मी स्वभावाने चौकस आहे. पट्टी समोर आली की वाटे, ही कुठल्या झाडाची असेल? फोटोतला हा माणूस कोणावर रागावला असेल? पण सगळ्यांत मोठं कोडं होतं हाताचं. लाकूड धरणारा हात लाकडाच्या इतका जवळ असतो, मग त्यातलं काय कापायचं आणि काय नाही, हे मला कोण सांगतं? माझ्या दातांना तर दोन्ही सारखंच.

सांगणारे दौलतकाका होते. काम सुरू करण्याआधी ते चष्मा चढवत, बाह्या दुमडत, गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत टाकत. पट्टी क्लॅम्पमध्ये आवळून हात पात्यापासून चांगला वीतभर लांब ठेवत. माझा वेग पूर्ण वाढला की मगच मला हळूच खाली आणत. कापून झालं की बटण सोडत, पण मला लगेच वर उचलत नसत. पातं थांबेपर्यंत तसंच धरून विचारत, "झालं तुझं?" मला ते फार आवडे. इतक्या मायेने मला कोणी काही विचारत नसे.

माझ्या दातांवर एक पारदर्शक झाकण आहे. मला वर उचललं की ते आपसूक खाली येऊन दात झाकतं. शिवाय मुठीपाशी एक छोटी कळ आहे. ती अंगठ्याने दाबल्याशिवाय बटण दाबलं जात नाही. पहिल्याच दिवशी पूर्वी नावाची काकांची मुलगी माझ्याबरोबर आलेलं पुस्तक मोठ्याने वाचत होती. "बाबा, नीट ऐका. साफ करताना, पातं बदलताना, मशीनला नुसता हात लावतानासुद्धा आधी बॅटरी काढायची." काकांनी मान डोलावली. काकांची बायको, चंपाकाकू, त्या दिवशी घरी होत्या, त्यांनी काही हे ऐकलं नाही.

खरं तर सगळ्यांत सावध बाई त्याच. फोटोला काच बसवणं, मागे कागद चिकटवणं हे नाजूक काम त्यांच्या बोटांचं. माझ्याआधीच्या वायरवाल्या मशीनला त्या पिन काढल्याशिवाय फडकंही लावू देत नसत. "पिन काढलीत? नाय ना? मग हात नाय लावूचो!" असं म्हणून त्या काकांनाही दटावत.

मग गणपती जवळ आले. मखरांच्या चौकटींची झुंबड उडाली. भुशाने माझं झाकण धुरकट झालं आणि पट्टीवरची रेघ दिसेनाशी झाली. झाकण पुसायला कितीसा वेळ लागला असता? पण काकांनी ते सुतळीने वरच बांधून टाकलं. अंगठा दुखू लागला, तसा ती छोटी कळ दाबलेलीच राहावी म्हणून तिच्यावरही टेप गुंडाळला. घाटातल्या पाट्यांवर घाईबद्दल जे लिहिलेलं असतं, ते आमच्या दुकानातही लिहायला हवं होतं. गणपती आले, गेले. सुतळी आणि टेप तिथेच राहिले.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांनी काम करायचं नाही, पूजा करून घ्यायची. काकूंनी हातोडी, पटाशी, रंधा पुसून पाटावर मांडले. माझ्यापाशी आल्या आणि सवयीने माझी पिन शोधू लागल्या. मागे पाहिलं, खाली पाहिलं.

"हिका वायरच नाय," त्या हसून म्हणाल्या. "मग भिती कसली?"

माझ्या पाठीवर बॅटरी भरलेली होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आम्हा मशीनांना एकच आवाज येतो, आणि तो काढायला माणसाचं बोट लागतं.

काकूंनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि माझ्या उघड्या दातांना लावलं. मऊ, गार बोट. मग झेंडूचा हार माझ्या मुठीत अडकवला आणि घट्ट बसावा म्हणून ओढला. हाराने बटण दाबलं गेलं.

मी फिरले, मित्रांनो. थांबणं माझ्या हातात नव्हतं. हार आत ओढला गेला, पाकळ्या दुकानभर उडाल्या, हिरवी काकणं खळकन फुटली. हार तुटला तेव्हा बटण सुटलं आणि मी थांबले. आत नारळ सोलत असलेले काका धावत आले. काकूंच्या तोंडावर, पदरावर, भिंतीवर लाल लाल शिंतोडे होते. काका दारातच खाली बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मलाही कळेना मी काय कापलं. माझ्या दातांना खरोखरच कळत नव्हतं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"अवो, डोळे उघडा," काकू म्हणाल्या. "रगत नाय ता. कुंकू हा, कुंकू!"

काकांनी त्यांचे हात धरले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. सगळी होती. मनगटावर काकणाचा ओरखडा तेवढा उठला होता.

"सुतळी मी बांधली," ते म्हणाले. "टेपही मीच लावला." आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असतानाही ते रडले.

त्यानंतर काकांनी मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. अंधारात मला वाटे, माझं चुकलं तरी काय? शेवटी पूर्वीनेच मला खाली काढलं. "बाबा, माळ्यावर टाकून काय होणार? मशीनची नाही, सवयीची चूक आहे." तिने आधी बॅटरी काढली, मगच सुतळी कापली, टेप सोलला आणि झाकण लख्ख पुसलं. काकांनी पट्टी लावली, कापली, आणि पातं थांबेपर्यंत मला धरून राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी विचारलं, "झालं तुझं?"

आता माझा जोर कमी झाला आहे आणि मोठी कामं दुसऱ्या मशीनकडे गेली आहेत. पातं बदललं, तरी त्यामागच्या खाचेत कुंकवाचा एक ठिपका अजून आहे. मित्रांनो, तुमच्या घरात अशी बिनवायरची हत्यारं असतील, तर शेपूट दिसत नाही म्हणून त्यांना झोपलेली समजू नका. त्यांचं झाकण बांधू नका, आणि हात लावण्याआधी त्यांची बॅटरी काढा.

खंडेनवमीला चंपाकाकू अजूनही माझी पूजा करतात. काका आधी बॅटरी काढून त्यांच्या हातात देतात. काकू ती पाटावर, माझ्यापासून लांब ठेवतात आणि पहिलं कुंकू तिला लावतात. माझा नंबर नंतर. एके काळी मला याचा राग आला असता. आता ते ओलं, गार बोट माझ्या दातांना लागतं, तेव्हा मी अगदी निवांत असते.